बाभळीवरच्या विद्यापीठाची मोजणी

माणसांनी पदव्या काढल्या, त्याच्या फार आधीची ही गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्ष्यांचं विद्यापीठ होतं. म्हातारे तात्या तिथले कुलगुरू. नर खोपे विणायचे, माद्या गाठी ओढून पाहायच्या. गाठ सुटली की तो खोपा अर्धाच सोडून नर दुसरा विणायला घ्यायचा.

एकदा वनराजाने विद्यापीठाची कुवत मोजायला बगळ्याला पाठवलं. बगळा गोंधळला.

"तात्या, खोपे अकरा आणि पुरे झालेले तीनच! हे अर्धे कशात धरू?"

"आमची विद्या त्यांतच आहे, साहेब. गाठ कुठे सुटते ते तिथेच कळतं."

"त्याला माझ्या तक्त्यात रकाना नाही," असं म्हणत बगळ्याने तीनच गुण दिले.

रानभर नाचक्की झाली. पुढच्या वर्षी नरांनी माद्यांचं ऐकलंच नाही. सैल गाठींवरच सगळे खोपे पुरे केले. बगळ्याने वीस मोजले आणि पहिला नंबर जाहीर केला. मग तो एका खोप्यात डोकावला, दुसऱ्यात डोकावला आणि पुन्हा गोंधळला.

"तात्या, पिल्लं कुठायत?"

"माद्या केव्हाच दुसऱ्या झाडावर गेल्या," तात्या म्हणाले. "पिल्लांचाही रकाना नव्हता ना, साहेब."