हौसाबाईचा जावई ब्रेक दुरुस्त करतो

खडकवणे नावाच्या गावात एक भोळा घरजावई राहत होता. नाव पिराजी. सांगाल तेवढं करायचा. तेवढंच करायचा. त्यातच सगळी गोम होती.

त्याची सासू हौसाबाई. तिची जुनी जीप होती, दगडधोंड्यांतून टेकडी चढणारी. जत्रेच्या दिवशी टेकडाई देवीचा मुखवटा गावातल्या देवळातून टेकडीवरच्या देवळात न्यायचा मान त्याच जीपचा. त्या मानावर डोळा ठेवून गावातल्या बाजाबानंही एक जीप घेऊन ठेवली होती आणि हौसाबाईची कधी बंद पडते याची तो वाट बघत होता.

जत्रा उद्यावर आली आणि जीपचा ब्रेक अडकला. हौसाबाई काही कुणाच्या दारात गेली नाही. बाईमाणसाला पाना धरता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिच्यासमोर तसं बोलून बघावं. तिनं चाक उतरवलं. आत लोखंडी चकती, आणि चकतीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर. चिखलानं आणि गंजानं त्यातला पिस्टन जाम झाला होता. तिनं कॅलिपर सोडवला आणि जावयाच्या हातात दिला.

पिराजीनं तो सोडून दिला. कॅलिपर ब्रेकच्या पाइपावर लोंबकळायला लागला.

जावयाला शिवी देता येत नाही. हौसाबाईनं ती गिळली.

"जावईबापू, असं लोंबकळू द्यायचं नाही. पाइप तुटतो. लोंबकळताना दिसलं की तारेनं वर बांधायचं. कळलं?"

"कळलं, आत्याबाई. पुढच्या खेपेला तसंच."

मग तिनं त्याला गोठ्यातनं डबा आणायला धाडलं. गोठ्यात म्हैस. म्हशीचं शेपूट लोंबकळत होतं. पिराजीनं ते तारेनं वर आढ्याला बांधलं. म्हशीनं दुधाची चरवी उडवली, गव्हाण मोडली आणि पिराजीला शेणात बसवलं.

हौसाबाईनं शेपूट सोडवलं. जनावर बांधून ऐकत नाही, म्हणाली. अडून बसलं तर पाठ थोपटायची आणि तोंडापुढं पेंड धरायची. कळलं? कळलं, आत्याबाई. पुढच्या खेपेला तसंच.

ती रबराच्या नव्या रिंगा आणायला घरात गेली. जाताना म्हणाली, पिस्टन अडून बसलाय, जरा बघा. पिराजीनं बघितलं. कॅलिपरची पाठ थोपटली. त्याच्या जबड्यात शेंगदाण्याची पेंड भरली. खाईना, म्हणून चकतीलाही चोळली.

हौसाबाई बाहेर आली आणि तिनं कॅलिपरच्या जबड्यातली पेंड बोटानं उकरून काढली.

"जावईबापू, पेंडीचं तेल लागलं की ब्रेक घसरतो. जीप दरीत जाते. तेल दिसलं की साबणानं खसाखसा घासून काढायचं. कळलं?"

"कळलं, आत्याबाई."

तेवढ्यात देवीचा गुरव आला, जीप तयार आहे का बघायला. जत्रेसाठी नुकताच न्हाव्याकडून आलेला, डोक्याला चमेलीचं तेल थापलेलं. पिराजीनं त्याला ओट्यावर बसवलं आणि कपड्याच्या साबणानं खसाखसा घासला.

गुरव डोळ्यांतला फेस पुसत एवढंच म्हणाला, की उद्या सकाळी जीप देवळाच्या दारात दिसली नाही तर मान बाजाबाचा.

आता हौसाबाईचा आवाज चढला. इथून पुढं सांगितल्याशिवाय काहीही करायचं नाही. दाबा म्हटलं की दाबायचं, सोडा म्हटलं की सोडायचं. चला म्हटलं की चालायचं, थांबा म्हटलं की थांबायचं. आपल्या मनानं काही म्हणजे काही नाही.

आणि गंमत बघा. तिनं पिस्टन घासला, रिंगा बदलल्या, नवं ब्रेक ऑइल भरलं. पाइपातली हवा काढायला एक माणूस आत बसून ब्रेकचं पेडल दाबायला लागतो. ती चाकाशी बसून म्हणे दाबा, पिराजी दाबे. सोडा म्हणे, सोडे. ह्या कामासाठीच देवानं त्याला जन्माला घातला होता. ब्रेक असा बसला की हौसाबाईनं जावयाला गूळ खायला दिला.

सकाळी जीप देवळाच्या दारात उभी. उतारावर. मागं बाजाबाची जीप, आशेनं. हँडब्रेक होता, पण शोभेपुरता. म्हणून हौसाबाई खाली उतरली ती पिराजीला ब्रेकवर बसवून. म्हणाली, दाबा. पिराजीनं दाबला.

गुरव मुखवटा घेऊन आला. डोळे अजून लाल. मुखवटा हौसाबाईच्या हातात दिला, पण सोडीना. ती ओढतेय, तो ओढतोय.

"गुरवमामा," हौसाबाई म्हणाली, "लोक बघतायत. आता सोडा."

पिराजीनं सोडला.

जीप मागं गेली. तो आरामात बसून होता, कारण दाबा कुणी म्हटलं नव्हतं. ती बाजाबाच्या जीपवर आदळली, आणि दोन्ही मिळून ओढ्यात जाऊन बसल्या.

आता देवी टेकडीवर जाणार कशी? ज्यानं केलं त्यानं न्यावी, असं ठरलं. मुखवटा पिराजीच्या डोक्यावर दिला. माझी जीप नसली तरी माझा जावई आहे, मान माझाच, असं हौसाबाईनं बाजाबाला ऐकवलं. आणि म्हणाली, चला.

पिराजी चालला. भराभर. हौसाबाईचे गुडघे मागं राहिले, दम मागं राहिला. टेकडीवरचं देऊळ आलं. थांबा कुणी म्हटलं नाही. पिराजी देवळावरून पुढं गेला, टेकडी पलीकडं उतरला आणि थेट माळेवाडीच्या शिवेत शिरला. हौसाबाई माथ्यावर पोचली तेव्हा तो खाली बोटाएवढा दिसत होता.

होता नव्हता तेवढा दम एकवटून ती ओरडली, "थांबा!"

पिराजी थांबला. माळेवाडीच्या चावडीसमोर. माळेवाडीकर धावले. देवी आपल्या पायानं आपल्या गावात आली, म्हणाले. हलगी वाजली, नारळ फुटले.

हौसाबाई धापा टाकत खाली आली तर मुखवटा माळेवाडीच्या पारावर हळदकुंकू लावून बसलेला, आणि पिराजी रिकाम्या डोक्यानं तिथंच उभा.

"जावईबापू, देवी त्यांना दिलीत?"

"दिली कुठं, आत्याबाई. मी तर घट्ट धरून होतो. मग ते म्हणाले, सोडा."