डाव्या वळणाची गोगलगाय

फार पूर्वी, रानाच्या कडेला वसलेल्या एका गावात एक शंखपारखी आणि त्याची बायको राहत असत. ओल्या पाचोळ्यात वाकून दोघं गोगलगायी शोधत. तो भिंगातून बघे. तिची नजर अधू झाली होती, म्हणून ती शंखाचे वेढे अंगठ्याने चाचपून पाही. कुठली गोगलगाय कुठल्या जातीची, हे दोघं मिळून ठरवत.

त्या राज्यात एक रीत होती. कुणी नवी जात शोधली, की जाणत्यांची सभा ती पारखून घेई आणि शोधणारा सांगेल ते नाव तिला देई. मग राज्यातली मुलं प्राण्यांची नावं घोकताना तेही नाव घोकत. आपल्या बायकोचं नाव एखाद्या जीवाला मिळावं, एवढीच पारख्याची इच्छा होती. जन्मभर ती त्याच्याबरोबर चिखलात वाकली, पण लोक नाव घेत ते त्याचंच. आणि आता तर तिची तब्येत खालावत चालली होती.

एके सकाळी शंख चाचपताना तिचा अंगठा थबकला.

"अहो, हिचं वळण उलटं आहे!"

त्याने भिंग लावलं. टोक वर धरलं, की त्या रानातल्या साऱ्या शंखांचं तोंड उजवीकडे येई. हिचं डावीकडे होतं, जणू ती आरशातून बाहेर आली होती. शिंगं काढून ती संथपणे त्याच्या मनगटावर चढू लागली.

"नवी जात!" तो म्हणाला. "तुझ्या नावाची!"

"माझ्या नावाची, आणि इतकी बुळबुळीत?" ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "पण घाई नको. पिल्लं कशी निघतात ते बघू. जात वेगळी असेल, तर पिल्लंही तशीच हवीत."

त्यांनी गोगलगायीला ओल्या मातीच्या कुंडीत ठेवलं. तिने साबुदाण्यासारखी अंडी घातली. आणि नेमकी सभेच्या दिवशी पहाटे ती फुटली.

पारख्याने भिंग धरलं. एकूण एक पिल्लू उजव्या वळणाचं होतं.

शेजारचे वैद्य कुंपणावरून डोकावत होते. त्याचा पडलेला चेहरा पाहून त्यांना सारं कळलं. "अहो पारखी, पिल्लं गवतात सोडा आणि आई तेवढी सभेत न्या. सभेला काय स्वप्न पडणार आहे? वहिनींचं नाव तरी लागेल."

घरात बायको ठेवणीतलं लुगडं नेसत होती. पारख्याने कुंडी उचलली आणि तो गवतापाशी गेला. एक मोहरीएवढं पिल्लू त्याच्या बोटावर आलं. त्याचा शंख इतका नितळ होता, की आत त्याचं काळीज धडधडताना दिसत होतं. पारखी बघतच राहिला. मग त्याने ते पिल्लू अलगद परत आईजवळ ठेवलं.

वाटेत बायकोने विचारलं, "निघाली का हो पिल्लं?"

"सभेतच सांगतो," तो म्हणाला.

सभेतल्या सर्वांत वृद्ध बाईंनी कुंडीवर भिंग धरलं. "ही हिचीच पिल्लं?"

"माझ्या डोळ्यांदेखत अंडी फुटली, आजी."

"म्हणजे ही वेगळी जात नाही."

"नाही," पारखी म्हणाला. बायकोकडे बघायचं त्याला धाडस होईना.

भिंग या हातातून त्या हातात फिरू लागलं. डावी आई, उजवी लेकरं! असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या डाव्या वळणाचा शंख दिसला, की वेगळी जात समजून ते तो वेगळ्या कपाटात टाकत आले होते.

"किती आया आपण लेकरांपासून वेगळ्या काढल्या असतील?" कुणीतरी पुटपुटलं. न सांगता सारे उठले आणि एकेक जुना शंख पुन्हा पारखायला बसले.

पारखी बायकोजवळ येऊन बसला. "तुझं नाव हुकलं गं."

तिने तळहात पुढे केला. त्याने त्यावर एक पिल्लू ठेवलं. त्याची ओलसर गुदगुली ती किती तरी वेळ अनुभवत राहिली.

"हुकू दे," ती म्हणाली. "माझं नाव लागलं असतं, तर याची आई कपाटात एकटीच पडली असती. आता बघा, केवढा गोतावळा आहे तिचा!"

तात्पर्य: सृष्टीला प्रश्न विचारला, की तिचं उत्तर पुरतं ऐकावं. ते आपल्या मनाजोगं नसलं, तरी त्यातलं नवल ऐकून घेणाऱ्यालाच दिसतं.