सरकारांच्या होडीची मोटार

पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा चपटा झाला होता.

एरवी तो लिंबासारखा टणक लागायचा. वैजूने दाबून पाहिला, तर गालफडं बसलेल्या म्हाताऱ्यासारखा आत गेलेला! ती दचकली. वैजू तशी कशालाही दचकायची, म्हणून तिच्या दचकण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. आणि होडी खाडीत निघाली.

होडीत श्रीमंत हैबतराव सरकार उभे होते. त्यांचं राज्य कधीच विलीन झालं होतं, पण शिक्का त्यांच्याकडेच राहिला होता. त्यामुळे दिसेल त्यावर ते लाख ओतून शिक्का मारत. लोणच्याच्या बरण्यांवर शिक्का, भिंतीवरच्या घड्याळावर शिक्का. "सरकार, लाख आत गेल्यामुळे घड्याळ बंद पडलंय," असं कारभारी एकदा म्हणाले. तेव्हापासून ते गोठा सांभाळत होते.

बेटावरच्या देवीची जत्रा उद्यावर आली होती. त्या दिवशी सरकार होडीत उभे राहून काठावरच्या लोकांचे मुजरे घेत. होडी जोरात गेली की फेटा उडे, म्हणून मोटार अगदी हळू चालायला हवी. आज त्याचीच तालीम होती.

वैजूच्या वडिलांनी, बाबल तांडेलांनी, मोटार सुरू केली. जोरात होती तोवर बरी चालली. हळू करताच दोनदा खोकली आणि गप्प झाली. ओहोटीने होडी गर्रकन फिरवली. काठावरच्या लोकांनी वाकून मुजरा केला, तेव्हा सरकार पाठमोरे समुद्राकडे निघाले होते.

"बाबल!" होडी वल्हवत परत आणल्यावर सरकार कडाडले. "आधी पेट्रोल चोरत होतास, म्हणून मी टाकीवर शिक्का मारला. आता मोटार बिघडवलीस?"

"सरकार, मी थेंबभर..."

"पलीकडच्या तीरावर चालता हो! मोटार हळू चालेपर्यंत इकडे पाय ठेवायचा नाही. उद्या चालली नाही, तर होडीची तांडेलकी दुसऱ्याला!"

बाबल मान खाली घालून पलीकडे गेले. मग मिस्त्री आला. त्याने प्लग घासला, कार्बोरेटर धुतला, स्क्रू उजवीकडे पिळला, डावीकडे पिळला. मोटार सुरू व्हायची, हळू केली की खोकायची आणि मरायची. शेवटी मिस्त्रीने मोटारीला नमस्कार केला आणि घर गाठलं.

वैजू टाकीपाशी वाकली. झाकणावर वारा आत जाण्यासाठी बारीक भोक असतं, हे तिला ठाऊक होतं. त्या भोकावर सरकारांचा शिक्का ऐटीत बसला होता. लाल, गोल, घट्ट! पेट्रोल बाहेर ओढलं जात होतं आणि त्याच्या जागी आत काहीच येत नव्हतं. मोटार जोरात असली की कसंबसं ओढून घ्यायची, हळू झाली की तेवढा जोर उरत नव्हता. म्हणून तर फुगा चपटा!

 दोष मोटारीचा असता तर बरं झालं असतं.

"सरकार, मी बघू?" तिने विचारलं.

"तू? बघ. पण शिक्का फोडायचा नाही. त्याला हात लावायचा नाही. त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काढलंस, तर गोठ्यात जागा आहे!"

"बरं," वैजू म्हणाली आणि कारभाऱ्यांकडून लाखेची कांडी मागून आणली.

थोड्या वेळाने ती शहाळं घेऊन आली. त्यात पपईच्या देठाची नळी खोचलेली होती आणि नळीभोवती लाखेचा जाड थर.

"हे काय गं?"

"उन्हात उभे आहात, सरकार. कुणी चोरून पिऊ नये, म्हणून बंदोबस्त केलाय."

सरकार खूश झाले. "शिकलीस! बाबलपेक्षा तूच बरी!" म्हणत त्यांनी नळी तोंडात धरली. एक घोट आला. दुसरा अर्धा. मग काहीच येईना. त्यांनी जोर लावला. गालफडं आत गेली, डोळे बाहेर आले, मिशा नळीला टेकल्या.

"येईना गं!"

"नळी धुऊन आणू, सरकार?"

"नको!"

"शहाळं उजवीकडे पिळून बघू?"

"पिळून काय होणार!"

"मग..." वैजू चाचरली, "सरकारांचे दात घासून बघावेत का?"

"माझे दात?" सरकार गरजले. वैजू दोन हात मागे उडाली. "दातांचा काय संबंध! चारी बाजूंनी लाख थापलीस, आत वारा कुठून जाणार? वारा गेल्याशिवाय पाणी बाहेर येईल कसं? एवढंही कळत नाही? भोक पाड!"

वैजूने केसांतला आकडा काढून लाखेला भोक पाडलं. सरकारांनी घटाघटा शहाळं संपवलं आणि मिशा पुसल्या.

"आता मोटारीचं बोल!"

वैजू बोलली नाही. गोठा तिच्या डोळ्यांसमोर होता. तिने फक्त तो चपटा फुगा उचलून सरकारांच्या हातात दिला.

सरकारांनी फुगा पाहिला. फुग्यापासून नळी पाहिली. नळीपासून टाकी पाहिली. टाकीवरचा स्वतःचा शिक्का पाहिला. 

"आकडा दे," ते म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या हाताने लाखेला टोचलं. सूंऽऽ करत वारा आत शिरला. वैजू पुन्हा दचकली. फुगा सरकारांच्या मुठीत हळूहळू फुगला. तिने मोटारीची दोरी ओढली, मोटार हळू केली. डुगडुग, डुगडुग... खोकला नाही की उचकी नाही! सरकार होडीत ताठ उभे राहिले. फेटा जागेवर.

आणि मग ते हसत सुटले! इतके, की होडी डोलू लागली आणि फेटा हाताने धरावा लागला.

"माझ्याच तोंडून मलाच मूर्ख ठरवलंस की गं!"

"मी काहीच बोलले नाही, सरकार!"

"तेच तर! आजपासून शिक्का तुझ्याकडे. मी लाख मागितली, की आधी 'कशावर?' म्हणून विचारायचं. आणि कारभाऱ्यांना गोठ्यातून बाहेर काढ! तांडेलकी बाबलचीच. चोर म्हणालो त्याला, ते मी त्याच्यासमोर मागे घेईन. बोलाव त्याला!"

वैजू होडीच्या टोकावर गेली. "बाबाऽ!"

पलीकडे खारफुटी नुसती उभी. एक बगळा उडाला.

"बाबाऽऽ! सरकार बोलावतायत!"

काहीच नाही.  तिने छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती तशी ओरडली.

"बाबाऽऽऽ! मोटार चालतेय! या ना!"

खारफुटी हलली.

"येतंय गो, येतंय!"