टिंगी आत्याचं फूल चिकटेना

तुळशीच्या कुंडीमागे एक नाकतोडी राहायची. हिरवीगार. बोटाएवढी. तिचं नाव टिंगी. एका जागी बसेल तर शपथ! सकाळी उड्या, दुपारी उड्या. टणाटण टणाटण!

टिंगीच्या दादाला बाळ झालं. टिंगी झाली आत्या! आज संध्याकाळी बाळाचं बारसं. बाळाचं नाव आत्याने ठेवायचं. आणि तोवर कुण्णाकुण्णाला सांगायचं नाही.

टिंगीने एक कार्ड केलं. कार्डावर बाळाचं नाव लिहिलं. काय लिहिलं? छे! मी नाही सांगणार. बारशाआधी नाव सांगतात का कुणी?

नावाला झाकण हवं. टिंगीने लाल कागदाचं फूल केलं. फुलाच्या वरच्या पाकळीला खळ लावली. पिठाची खळ, चिकचिकीत. फूल नावावर ठेवलं.

"चिकटलं का? बघू!" टिंगीने फूल उचललं. सर्रर्र! फूल निघालं.

पुन्हा खळ लावली. पुन्हा फूल ठेवलं. "आता चिकटलं का? बघू!" सर्रर्र! फूल निघालं.

तिसऱ्यांदा? तिसऱ्यांदाही तेच! नाव पडलं उघडं.

तेवढ्यात मुंग्या आल्या. "काय गं लिहिलंयस?"

टिंगी पटकन नावावरच बसली. "काही नाही! जा बघू!"

मुंग्या गेल्या. टिंगीला रडूच आलं. तिने फूल परत नावावर ठेवलं आणि खळीला म्हणाली,

"खळबाई खळबाई, वाळ ना गं! फूल चिकटेना, अन् संध्याकाळी बारसं!"

खळ म्हणाली, "नाही वाळणार, ज्जा! आधी ऊन पडू दे, मग मी वाळते."

टिंगी गेली कौलावर. टणाटण टणाटण!

"ऊनदादा ऊनदादा, पड ना रे! खळ वाळेना, फूल चिकटेना, अन् संध्याकाळी बारसं!"

ऊन म्हणालं, "नाही पडणार, ज्जा! वाटेत ढगोबा बसलाय. आधी ढग सरकू दे, मग मी पडतो."

टिंगी गेली शेवग्याच्या शेंड्यावर. टणाटण टणाटण!

"ढगोबा ढगोबा, सरक ना रे! ऊन पडेना, खळ वाळेना, फूल चिकटेना, अन् संध्याकाळी बारसं!"

ढग म्हणाला, "नाही सरकणार, ज्जा! केवढं हे माझं पोट! आधी वारा वाहू दे, मग मी सरकतो."

टिंगी गेली विहिरीपाशी. टणाटण टणाटण! वारा तिथे लोळत पडला होता.

"वारेबुवा वारेबुवा, वाहा ना हो! ढग सरकेना, ऊन पडेना, खळ वाळेना, फूल चिकटेना, अन् संध्याकाळी बारसं!"

वारा म्हणाला, "नाही वाहणार, ज्जा! ओसरीवर कुमुदमावशीचे कागद आहेत. मागे चार उडाले, तर केवढी ओरडली मला! आधी मावशीला कागदांवर वरवंटा ठेवू दे, मग मी वाहतो."

टिंगी गेली ओसरीवर. टणाटण टणाटण!

कुमुदमावशी कार्डं करत होती. पुढ्यात रंगीत कागद. हातात कात्री. कच् कच् कच्.

"मावशी मावशी, वरवंटा ठेव ना गं! वारा वाहेना, ढग सरकेना, ऊन पडेना, खळ वाळेना, फूल चिकटेना, अन् संध्याकाळी बारसं!"

मावशी म्हणाली, "नाही ठेवणार बाई! एका हातात कागद, एका हातात कात्री. फूल अर्धंच कापलंय. मधेच सोडलं तर वाकडं होईल. आणि ही टिंगी बघ, माझ्या कागदावर टणाटण टणाटण! कागद हलतोय नुसता. आधी टिंगी बसू दे, मग मी वरवंटा ठेवते."

"बरं!" टिंगी म्हणाली. आणि निघाली टिंगीला शोधायला. टणाटण टणा...

अगं वेडाबाई! टिंगी म्हणजे तूच की!

टिंगी थबकली. हळूच स्वतःशी म्हणाली,

"टिंगी टिंगी, बस ना गं! मावशी वरवंटा ठेवेना, वारा वाहेना, ढग सरकेना, ऊन पडेना, खळ वाळेना, फूल चिकटेना, अन् संध्याकाळी बारसं!"

आणि टिंगी बसली.

एक पाय हलला. तिने तो दाबून धरला. दुसरा पाय हलला. तोही दाबून धरला.

एक पाकळी. कच् कच् कच्. दुसरी पाकळी. कच् कच् कच्. संपतच नाही बाई! तिसरी पाकळी. कच् कच् कच्. झालं फूल!

मावशीने कात्री खाली ठेवली. कागद नीट लावले. वर वरवंटा ठेवला. धप्प!

टिंगीने ते बघितलं. कुंडीमागे परत येऊन तिनेही आपल्या फुलावर एक खडा ठेवला. टुक!

मग काय! टिंगी बसली, मावशीने वरवंटा ठेवला. मावशीने वरवंटा ठेवला, वारा वाहिला. सूंऽऽ सूंऽऽ! वारा वाहिला, ढग सरकला. ढग सरकला, ऊन पडलं. ऊन पडलं, खळ वाळायला लागली.

"वाळली का? बघू?" टिंगीचा पाय खड्याकडे गेला.

नाही नाही! टिंगीने पाय मागे घेतला. सावली कुंडीपासून पायरीपर्यंत गेली. टिंगी बसलेलीच. सावली पायरीपासून दारापर्यंत गेली. टिंगी बसलेलीच.

मग तिने खडा काढला. वारा आला, सूंऽऽ! फूल उडालं का?

नाही! फूल चिकटलं! वरून घट्ट. खालून मात्र झाकणासारखं उघडायचं.

संध्याकाळ झाली. वालाच्या शेंगेचा पाळणा बांधला. मुंग्या आल्या, ढालकिडे आले. सगळे कार्डाकडे वाकून वाकून बघत होते. पण फुलाखालचं नाव कुणाला दिसेना!

"आत्याबाई, या!" दादाने हाक मारली.

टिंगी आत्या पाळण्यापाशी गेली. तिने फूल हळूच उचललं. बाळाच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्र... हरळू!"

"हरळू! हरळू!" सगळे ओरडले. आणि टिंगीच्या पाठीत गुद्दे बसले. धपाधप धपाधप! बारशाला आत्याला गुद्दे मिळतातच. तो तिचा मान! घुगऱ्यांची पहिली मूठही तिचीच.

बाळाने डोळे उघडले. आत्याकडे बघून ते हसलं.

"माझं गं ते सोनं!" टिंगी म्हणाली.

घुगऱ्या संपल्या, पाळणा हलला, हरळू निजला, गोष्ट झाली.