विचारून घातलेल्या अंगड्याची कहाणी

ऐका सटवाई, तुमची कहाणी. एक होतं आटपाट नगर, आणि त्याच्या वेशीबाहेर होती साळ्यांची आळी. आळीत बारा माग, बाराही दिवसभर खटखट करीत. तिथं भिवरा नावाची साळीण राहत होती. घरी नवरा होता, म्हाळसा नावाची सासू होती, नव्या कापडाची चळत आढ्याला लागली होती. पण नऊ वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता.

भिवराला एक खोड होती. विचारल्यावाचून तिला राहवत नसे. विहिरीचं पाणी थंडीत कोमट का? मांजर पिलांना घरोघर का फिरवते? म्हाळसा म्हणे, सूनबाई, तुझ्या प्रश्नांचं सूत निघालं असतं तर आळीला लुगडी पुरली असती.

मग काय झालं? दहाव्या वर्षी भिवराला दिवस गेले. नऊ महिने भरले, मुलगी झाली. पाचवीचा दिवस आला, सटवाईची पूजा मांडली. भिवरानं मागावरचं नवं कापड मागितलं. म्हाळसा म्हणाली, नवं नको, आपल्याकडे वसा आहे. तो वसा कसा असतो, भिवरानं विचारलं.

"पहिलं अंगडं दुसऱ्या लेकराच्या अंगावरून उतरलेलं घ्यावं. ओटी पसरून घ्यावं. आपलं लेकरू त्यात मावेनासं झालं, की धुवावं, उन्हात वाळवावं, सुईणीकरवी पुढचीच्या ओटीत घालावं. बंद तुटला तर आपल्या लुगड्याच्या काठाचा लावावा. घेताना कुणाचं म्हणून विचारू नये, देताना कुणाचं म्हणून सांगू नये."

भिवरानं विचारलं, का विचारू नये? म्हाळसा म्हणाली, मी विचारलं नाही, माझ्या सासूनं विचारलं नाही, तू बाळंतीण आहेस, पडून राहा.

मग सोनाई सुईण आली. पदराखालून अंगडं काढलं, भिवराच्या ओटीत टाकलं. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालं होतं. लेकीला घातलं, लेक निजली. भिवरा मात्र जागीच. साळ्याच्या घरातली ती, कापड हातात आलं की बोटं वाचू लागत. अंगड्याला तीन बंद होते. एक तांबडा, एक हिरवा, एक पिवळा. तांबडा नि हिरवा गाठी मारून मारून पिळवटले होते. पिवळा सरळ होता, जसा काही कालच शिवलेला. याला गाठी इतक्या कमी कशा पडल्या? सोनाईला विचारलं, तर सोनाई म्हणाली, चुलीवर पाणी ठेवलंय, नि उठून गेली.

सव्वा महिना झाला. भिवरानं विहीर पुजली, बाहेर पडायला मोकळी झाली. तांबडा काठ तिच्याच घरच्या मागावरचा होता, कासारणीनं नेलेल्या लुगड्याचा. मग भिवरानं काय केलं? लेकीला खांद्यावर घेतलं, ती कासारणीकडे गेली. कासारीण हसली. म्हणाली, होय गं बाई, बंद माझाच. मला कुठून आलं ते ठाऊक नाही, माझ्या पोरानं वर्षभर घातलं. तो बघ, कडुलिंबावर चढलाय, खाली ये म्हटलं तर वर जातो. माझ्याकडनं ते तेलणीकडे गेलं.

मग भिवरा तेलणीकडे गेली. तेलणीची लेक अंगणात पेंडीचे गोळे करून कोंबड्यांना वाढीत होती. हिरवा बंद तेलणीचा. तिच्या लेकीनं आठ महिने घातलं. पुढं कुणाला दिलं, असं विचारलं तशी तेलीण कोंबड्या हाकू लागली. भिवरा उठेना. तेव्हा तेलणीनं मान फिरवली नि म्हणाली, धुरपदा कुंभारणीला.

मग भिवरा धुरपदाकडे गेली. अंगणात ना पाळण्याची दोरी, ना वाळत घातलेलं दुपटं. धुरपदा मडकं थापटीत बसली होती. तिनं वर पाहिलं. अंगडं पाहिलं. थापटणं हातातल्या हातात थांबलं. भिवराला विचारावं लागलंच नाही.

"पाचवीपासून सात दिवस घातलं त्यानं," धुरपदा म्हणाली. "बाराव्या दिवशी बारसं होतं."

मग तिनं सांगितलं. ती अंगडं नदीत सोडायला निघाली होती. आता हे कोण घेईल, म्हणाली. सोनाईनं वाटेतच हातातून काढून घेतलं. म्हणाली, मी कुणाचं ते सांगणार नाही, नि वसा आहे, कुणी विचारणारही नाही.

भिवराचा हात आपोआप लेकीच्या छातीशी गेला. नऊ वर्षांनी झालेली लेक. हातानं एक बंद सोडला, दुसरा सोडला, तिसरा सोडला. अंगडं काढायलाच तो गेला होता. ते तिलाही कळलं, धुरपदालाही कळलं. धुरपदानं डोळे खाली घातले, मडक्यावरून ओला हात फिरवीत राहिली.

भिवरानं लेकीकडं पाहिलं. मग तिच्या तोंडून निघायचं तेच निघालं.

"वहिनी, नाव काय ठेवणार होतात?"

आजवर धुरपदाला हे कुणी विचारलं नव्हतं. कसा गेला, ते विचारलं होतं. काय चुकलं, ते विचारलं होतं.

"मल्हारी," ती म्हणाली. मग थांबेचना. उन्हात नेला की लागोपाठ तीन शिंका द्यायचा. दूध पिताना एक मूठ बाहीतून बाहेर काढायचाच. भिवरा बारीकसारीक विचारी, धुरपदा सांगे. ऊन भिंतीवरून उतरलं.

मग भिवरा म्हणाली, "बंद सुटलेत, वहिनी. बांधता का?"

धुरपदानं हात धुतले, पदराला पुसले. तीन बंद, तीन गाठी. पिवळ्याची गाठ तिनं सर्वांत शेवटी मारली.

घरी भिवरानं सारं सांगितलं, तशी म्हाळसा कडाडली. वसा मोडलास, म्हणाली, अंगडं काढ. पहिल्या दिवशी पोर शिंकली. दुसऱ्या दिवशी अंग तापलं. म्हाळसा भिवराच्या हातचं पाणी घेईना. भिवराचा हात दोनदा गाठीशी गेला, दोनदा मागे आला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोर आजीला पाहून हसली. म्हाळसानं तिला मांडीवर घेतलं. अंगडं काही तिनं काढलं नाही.

लेक वाढली. अंगडं काखेत काचू लागलं. भिवरानं ते धुतलं, उन्हात वाळवलं. तेवढ्यात सुताराच्या सुनेला मूल झालं, पाचवी आली. भिवरा अंगडं घेऊन स्वतःच गेली. सुनेनं ओटी पसरली. भिवरा म्हणाली, आधी ऐक, मग घे. कासारणीच्या पोरानं वर्षभर घातलं. तेलणीच्या लेकीनं आठ महिने. धुरपदावहिनीच्या मल्हारीनं सात दिवस. माझ्या लेकीनं सात महिने.

सुताराच्या सुनेनं ओटी आखडली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बाळ रडू लागलं. सुनेनं अंगडं न्याहाळलं.

"मल्हारी," ती म्हणाली. "काळा होता की गोरा?"

भिवरा म्हणाली, मला ठाऊक नाही, त्याच्या आईला बोलावते. सून म्हणाली, बोलवा, तिच्याच हातानं घालू दे. आणि तिनं पुन्हा ओटी पसरली.

तेव्हापासून त्या आळीत वसा असा चालतो: घेताना विचारावं, देताना सांगावं, एकही नाव गाळू नये. सटवाई माते, भिवराची लेक जशी वाढली, धुरपदाचा लेक जसा आठवणीत राहिला, तशी तुम्हा आम्हा साऱ्यांची लेकरं वाढोत, गेलेली आठवणीत राहोत. सांगणारीनं सांगितली, ऐकणारींनी ऐकली, ही कहाणी इथं फळली, इथं पुरी झाली.