दांडगोबाची शिंगं

माणसांना उत्तर ध्रुवाचा पत्ताही लागला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तिकडे दांडगोबा नावाचा एक रेनडिअर होता. माद्यांनी पुढच्या खुरांनी बर्फ खोदून खालचं दगडफूल शोधलं, की तो झाडाएवढी शिंगं रोखून म्हणायचा, "सरका, थोरले आले."

नरांची शिंगं हिवाळ्यात गळतात आणि माद्यांची वसंतापर्यंत टिकतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो ऐकतच नसे. ऐन थंडीत एका सकाळी त्याची दोन्ही शिंगं गळून पडली. तरी सवयीने तो गाभण भुरीच्या खड्ड्यापाशी गेला.

"सरक गं."

भुरीने मान वर केली. तिची शिंगं छोटी होती, पण जागेवर होती.

"अगंबाई, भावजी! डोकं किती हलकं दिसतंय!"

बाकीच्या माद्या तोंडातला घास न सांडता हसल्या.

"चेष्टा पुरे. भूक लागलीय मला."

"मला दोन जिवांची लागलीय."

"मग मी काय उपाशी मरू?"

"का? खूरही गळले की काय तुमचे?" असं म्हणून भुरी पुन्हा चरू लागली.

दांडगोबाने खाली पाहिलं. चारही खूर जागेवर होते. पुढचे दोन तर अगदी नवेकोरे दिसत होते.