सोनाराच्या घरचा तोडा

फार फार वर्षांमागची गोष्ट, बरं का. एका गावाने देवीला चांदीचा मुखवटा करायचं ठरवलं. घरटी एकेक जुना दागिना आला. गावची रीत अशी, की मुशीत टाकण्याआधी प्रत्येक दागिना सोनाराने सगळ्यांदेखत निखाऱ्यावर धरायचा, खरा-खोटा पाहायचा. सोनाराने एकूणएक दागिना पाहिला. त्याच्या बायकोने पायातला एक तोडा काढून दिला, तो मात्र तसाच मुशीत गेला. सोनाराच्या घरचं काय तपासायचं!

चांदी वितळली, साच्यात ओतली, निवली. सोनारीण तोऱ्यात सगळ्यांच्या पुढे बसली होती. साचा उघडला, तो काय! देवीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर गेली होती!

"त्या विधवेची जोडवी नडली!" सोनार ओरडला. "अपशकुनी चांदी!"

ती विधवा म्हातारी मागेच उभी होती. पाटील गरजला, "दिवस मावळायच्या आत गाव सोड!"

"जाते बाबा," म्हातारी म्हणाली. "सत्तर वर्षं काढली इथं, आता कुठं जाऊ ते देवीच जाणे. पण माझी जोडवी तुम्ही समद्यांनी निखाऱ्यावर पाहिली. हिचा तोडा कुणी पाहिला?"

सोनारणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या तोड्यावर संशय? अगं, लग्नात यांनी स्वतःच्या हातांनी घडवलेत!" तिने दुसऱ्या पायातला तोडा ओढून काढला. सोनार "अगं, थांब, थांब" म्हणेपर्यंत तो निखाऱ्यात पडलाही.

आणि काय सांगू! तोड्याच्या सांध्यातून काळपट शिसं पाझरायला लागलं. बघता बघता चांदीची नुसती साल उरली. मुखवटा चिरला होता तो असल्याच शिशाने!

सोनारीण पांढरीफटक पडली. "वीस वर्षं पायांत शिसं घालून मिरवले मी?" ती सोनाराकडे वळली. "आणि तुम्हाला ठाऊक होतं! तरी त्या माउलीला गावाबाहेर काढायला निघालात?"

"जड दिसावेत म्हणून भरलं गं," सोनार खाली मान घालून म्हणाला. "मग सांगायला जीभच रेटेना."

त्याच दिवशी गावाने सोनाराची भट्टी विझवली. पाटलाने भर चावडीवर म्हातारीची माफी मागितली. मुखवटा परगावच्या कारागिराने नव्याने ओतला. सोनारीण मात्र पुढे कित्येक दिवस आपल्या मोकळ्या पायांकडे बघत बसायची.

म्हणून म्हणतात, दुसऱ्याचा कस पाहायचा असेल, तर पहिला दागिना आपल्या घरचा आगीत धरावा.